मिठबावची फेकणारी

मराठीत एखादीला 'फेकणारी' म्हटलं तर ती भांडायला उठेल. मिठबावात मात्र ते संचिता लोकेचं मानाचं नाव आहे. बाहेरगावचा पाहुणा तिठ्यावर उतरून लोक्यांचं घर विचारू लागला, की समोरचा आधी खात्री करून घेतो, "खंयचे लोके? फेकणारीचे?" आणि मग थेट दारापर्यंत सोडायला येतो.

हे नाव तिला आठवीत असताना लागलं, तेही दुसरीच्या पोटामुळे. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांना शाळेची मुलं टेम्पोत बसून ओरोसला चालली होती. संचिता कबड्डीच्या संघात राखीव होती, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. थाळीफेकीसाठी निवडलेल्या प्राजक्ताला वाटेत गाडी लागली आणि मैदानावर पोचेपर्यंत ती पार आडवी झाली. खेळाचे मास्तर गुरुप्रसाद गावकर यांनी उरलेल्या पोरींवर नजर फिरवली. त्यातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात रिकामी पोरगी म्हणजे संचिता.

"थाळी फेकतलंस?" सरांनी विचारलं.

"जेवणाची?"

"नाय गो बाये, लाकडाची. लोखंडाचो काठ असता तिका. हातात धर, गिरकी घे आणि सोड. वर्तुळाच्या भायर पाय टाकू नको, बस."

तिनं गिरकी घेतली आणि सोडली. थाळी पांढऱ्या रेघांच्या बरीच बाहेर, सरबताच्या टेबलाखाली जाऊन पडली. टेबलामागचे दोन शिक्षक खुर्च्यांसकट मागे सरकले. पंचांनी लाल झेंडा वर केला. दुसऱ्या वेळी थाळी सरळ गेली, पण तिच्या मागोमाग संचिताही वर्तुळाबाहेर गेली. तिसरी फेक मात्र कशी कोण जाणे, जमून आली. थाळी हातातून सुटताना बोटाच्या टोकाला जे काही झालं, ते तिला इतकं आवडलं की निकाल ऐकायला ती थांबलीच नाही. थाळी आणायला धावत सुटली. आपला पहिला नंबर आला, हे तिला परतीच्या टेम्पोत प्राजक्तानं सांगितलं.

आता सराव करायचा कुठे? घरामागे भाईंची, म्हणजे वडिलांची, हापूसची कलमं. तिथे थाळी फेकली तर कैऱ्या पडणार. वरच्या सड्यावर जागा मोकळी, पण नुसता कातळ; दोन फेकींत थाळीचा काठ दातेरी झाला. राहता राहिली वेळ, म्हणजे समुद्रकिनारा. ओहोटीला वाळू घट्ट असते, तेव्हा ती तिथे जाऊ लागली. एकदा हात जरा वाकडा गेला आणि थाळी लाटांत गडप झाली. थोडं पुढे गावचा मच्छीमार बाबली आणि त्याची माणसं रापणीचं मोठं जाळं ओढत होती. जाळं काठाला आलं तेव्हा तारल्यांच्या ढिगात थाळी होती. बाबलीनं ती उचलून लांबूनच आरोळी दिली, "गो फेकणारी! माशे मारूक आमका जाळी आसा, थाळी नको!"

नाव पडलं ते तिथे. आणि मग ते चिकटलंच.

गिरक्यांचा सराव घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात व्हायचा. भाईंनी सिमेंटचा गोल करून दिला होता. पण त्याच खळ्यात विमलाबाई, म्हणजे आई, कोकमाची सोलं सुकत घालायच्या. उन्हाळ्यात मायलेकींचं रोज वाजायचं.

"माझी सोलां तुडवलंस तर बघ," विमलाबाई म्हणायच्या.

"सोलां थोडी तिकडे सरकव ना गो आये."

"ऊन हयसरच येता. ऊन सरकव, सोलां सरकवतंय."

शेवटी समेट झाला तो असा की सोलं गोलाच्या कडेनं पसरायची. त्यामुळे पाय बाहेर पडला की विमलाबाईंचा आवाज लागलाच म्हणून समजा. तरीसुद्धा संचिताचा पाय बाहेर पडायचाच. तिच्या अंगात ताकद दांडगी होती आणि तिला दर वेळी ती सगळीच्या सगळी वापरायची असे.

या ताकदीवर ती पुढे जात राहिली. जिल्हा झाला, राज्य झालं, मग उत्तरेतल्या एका मोठ्या प्रशिक्षण शिबिराचं बोलावणं आलं. तिथे सगळ्या पोरी पंजाब-हरियाणाच्या, दूध-तुपावर वाढलेल्या. जेवणात पोळ्या, राजमा, पनीर. संचिताला चौथ्या दिवशी माशांची स्वप्नं पडू लागली. विमलाबाईंनी खारवलेले सुके बांगडे पाठवले. ते तिनं खोलीत शेगडीवर भाजले मात्र, अख्खं वसतिगृह व्हरांड्यात आलं. कुणीतरी गॅस गळतोय म्हणून ओरडलं. प्रशिक्षिका, एक आडव्या बांध्याच्या पंजाबी मॅडम, नाकाला ओढणी लावून आत आल्या, त्यांनी बांगड्याकडे पाहिलं आणि हिंदीत एवढंच विचारलं, "हे खाऊन फेक वाढते का?" संचिता म्हणाली, "वाढते." त्यानंतर तिला मैदानाच्या पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांगडे भाजायची परवानगी मिळाली.

मॅडमनी तिला खरी थाळीफेक शिकवली. हातानं नव्हे, पायानं फेकायची; खांद्याला घाई करू द्यायची नाही. विशीत ती राष्ट्रीय विजेती झाली. रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेसाठी भारताच्या संघात तिचं नाव आलं, तेव्हा मिठबावच्या तिठ्यावर तिचा एवढा मोठा फलक लागला की एसटीच्या चालकाला वळण दिसेना.

आणि तिथे, परदेशातल्या त्या झगमगीत मैदानावर, संचितानं तीन फेकींत तीन फाऊल केले.

पहिली थाळी वर्तुळाभोवतीच्या जाळीला आदळली. दुसरी गेली ती साठ मीटरच्या रेघेजवळ, पण पाय बाहेर. तिसऱ्या वेळी तिला वाटलं, आता तरी ती साठाची रेघ ओलांडूनच दाखवायची. पाय पुन्हा बाहेर. लाल झेंडा. फलकावर बाकीच्या मुलींच्या नावापुढे आकडे होते, तिच्या नावापुढे तीन फुल्या. एकही फेक धरली गेली नाही, म्हणजे शेवटचा नंबरसुद्धा नाही.

तिनं भाईंना फोन करून बजावलं, "स्टेशनवर कोणाक आणू नका. तुम्ही एकटेच येवा."

कोकण रेल्वेच्या नांदगाव स्टेशनात गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. दारातून उतरता उतरता तिला ढोल ऐकू आला. फलाटावर अर्धं मिठबाव उभं होतं. भाई हार हातात लपवून सगळ्यांच्या मागे उभे होते.

"भाई! मी काय सांगितलंय तुमका?"

"मी नको म्हटलंय गो," भाई पडेल आवाजात म्हणाले. "पण ढोलवाल्यांका आधीच सांगान ठेवलेला. ते म्हणाले, आमी वाजवतलंव."

"तीन फाऊल केलंय मी! नंबर सुद्धा लागलो नाय!"

ढोल थांबला. मग बाबली पुढे झाला. "आमीय कितीदा रिकामी जाळी घेवन घराक येतंव," तो म्हणाला. "फरक एवढोच, आमच्यासाठी कोण ढोल वाजवणत नाय. तुझ्यासाठी वाजवतत, तर घे ना मुकाट!"

फलाटावर हशा पिकला. संचिता रडत होती आणि हसूही आवरत नव्हतं. ढोल परत सुरू झाला.

पण घरी आल्यावर तिनं थाळीला हात लावला नाही. कलमांना पाणी घाल, पडवीत बसून राहा, असं चाललं होतं. आठवड्याभरानं गावकर सर आले. चहा झाला, आंब्याच्या मोहोराच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या फेकीक डोक्यात काय होतां?"

"साठ मीटर."

"दुसऱ्या?"

"साठ मीटर."

"उभ्यान एक साधी फेक का टाकलंस नाय? गिरकी न घेता? आकडो तरी लागलो असतो. मग काय तां साठ मीटर करत बसायचां."

संचिताला राग आला. "सर, थंय सगळी दुनिया बघत होती. उभ्यान फेकतत ती शाळेतली पोरां!"

"मॅडम काय म्हणाल्या?"

मॅडम हेच गेली चार वर्षं सांगत होत्या. मॅडमचं तिनं ऐकून घेतलं होतं, मानलं नव्हतं. सर उठले आणि गेले. संचिता कप विसळायला बसली. आपल्याला थाळी लांब जायला हवी आहे, की लोकांनी आपल्याकडे बघून 'बाप रे' म्हणायला हवं आहे, हा प्रश्न तिनं स्वतःला पहिल्यांदाच विचारला, आणि उत्तर काही फारसं आवडलं नाही.

पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती वर्तुळात उतरली, जागच्या जागी उभी राहिली आणि गिरकी न घेता थाळी टाकली. गॅलरीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. कान तापले तिचे. पण फलकावर आकडा आला, आणि आश्चर्य म्हणजे त्या आकड्यानं अंग एकदम हलकं झालं. दुसऱ्या फेकीला तिनं गिरकी घेतली ती मजेत. त्या वर्षी तिचा एकही पाय बाहेर पडला नाही.

पुन्हा आशियाई स्पर्धा आली. स्पर्धेच्या दिवशी तिथे पाऊस झिमझिमत होता. वर्तुळ निसरडं झालेलं. स्वयंसेवक टॉवेलनं पुसायचे, तोवर परत ओलं. नामांकित मुली गिरकी घेताना घसरत होत्या, झेंडे लालच लाल. संचितानं पहिली फेक उभ्यानं टाकली. या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या दोघींनी तर तिचंच पाहून तसंच केलं. पाचव्या फेरीत तिची गिरकी अशी लागली की थाळी हातातून सुटताना आवाजसुद्धा झाला नाही. साठाची रेघ काही ओलांडली नाही, पण ती दुसऱ्या स्थानावर गेली. शेवटच्या फेकीत एका चिनी मुलीनं तिला मागे टाकलं. कांस्यपदक. संचितानं त्या मुलीला मिठी मारली. मुलगी दचकली, मग तीही हसू लागली.

पदकानंतर घरात लग्नाचं बोलणं निघालं. दोडामार्गचा दीपेश बघायला आला. रोज मोटरसायकलनं गोव्यातल्या कारखान्यात जाऊन येणारा, बोलायला बेताचा. पोहे झाल्यावर दोघांना कलमांत फिरायला पाठवलं. संचितानं सरळ सांगून टाकलं, "मी फेक सोडणार नाय हां."

दीपेशनं थोडा विचार केला. "फेकलेली थाळी परत कोण आणता?"

"कोण नाय. माझी मीच."

"मग मी आणीन."

लग्न ठरलं.

लेक झाल्यावर सगळे धरून चालले की संचिताचं खेळणं आता आटोपलं. तिलाही तसंच वाटलं. पोट सुटलं, गुडघा बोलू लागला. पण लेक चालायला लागली आणि एका संध्याकाळी संचितानं दोडामार्गला, सासरच्या केळीच्या बागेलगतच्या माळावर जाऊन उभ्यानं एक थाळी टाकली. अगदीच जवळ पडली. तिला राग आला नाही, गंमत वाटली. दुसरी टाकली. तेवढ्यात दीपेश कारखान्यातून आला, तसाच गणवेशात माळावर धावत गेला आणि थाळी घेऊन परतला.

"काय गो, परत?"

"बघूया."

बघता बघता दीड वर्ष झालं. गेल्या हिवाळ्यात तेहतिसाव्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. बरोबरच्या पोरी विशीतल्या. एकीनं तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा तिला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. ती चौथी आली. पदक एका हातानं हुकलं. दीपेश लेकीला खांद्यावर घेऊन जाळीपाशी उभा होता. तो काही बोलण्याआधी लेकीनंच विचारलं, "आये, तू हरलंस?"

"होय गो," संचिता पायातले बूट सोडत म्हणाली. "आता माका भूक लागली हा. चल, मासे खंय मिळतत तां बघूया."