पहिली गोळी कुणी झाडायची

लेथच्या तेलाचा वास आला की रियाधबाहेरची ती दुपार आठवते. कफीलच्या, म्हणजे आम्हाला व्हिसावर आणून कामाला ठेवणाऱ्या अरब मालकाच्या, शिकारीच्या मोठ्या हवाबंदुकीसाठी आमच्या चिपळूणच्या टर्नरभाऊंनी नवी नळी बनवली होती, शिशाच्या जाड गोळ्याही ओतल्या होत्या. दाबानं नळी फुटली तर थेट तोंडावर, म्हणून चाचणीला कफील गाडीमागे उभा राहिला. म्हणाला, “तुम बनाया, तुम चलाओ.” मी भाऊंना म्हटलं, “लाकडाला बांधू, लांबून दोरीनं चाप ओढू.” ते पुटपुटले, “गप रे, पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे.” त्यांनी बंदुकीला गाल टेकवला. फट्ट आवाज झाला, समोरचा डबा उडाला. “खलास, यल्ला,” झालं, चला, असं म्हणत कफील बंदूक घेऊन गेला. भाऊ वाळूत मटकन बसले. नळी फुटली नाही, म्हणून याला कुणी गुन्हा म्हणत नाही. मी आजही म्हणतो.