घाटातून फिरवलेली गाडी

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. दिवसभर आकडे वाचायचे आणि वाचलेला आकडा खरा धरायचा, हेच काम. विजेवरची गाडी घेतली तेव्हा पडद्यावर ‘अजून इतके किलोमीटर’ असं जे दिसतं, तेही मी तसंच खरं धरलं. तो नुसता अंदाज असतो, आणि तोही आपण काल-परवा गाडी कशी हाकली त्यावरून बांधलेला, हे मला फार उशिरा कळलं.

बाबांकडे त्या आकड्याला शब्द नव्हता. गाडीत बसले की विचारायचे, “जीव किती हाय गं?” कर्जतजवळच्या आमच्या गावातून नुसतं चौकापर्यंत जायचं असलं तरी विचारणारच. मला कधी हसू यायचं, बऱ्याचदा वैताग.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, घाटावर लोणावळ्याच्या पलीकडे दिलेली. मागच्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. बाबांना तिला एकदा भेटायचं होतं, बाकी काही नाही. एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते, म्हणून रविवारी मी नेते म्हटलं. सकाळी बाहेर येऊन बघते तर दारात आई, बाबा आणि तांदळाचं पोतं. आत्याला दरवर्षी आमच्या शेतातला तांदूळ जातो. माहेरचा म्हणून ती तो वेगळा ठेवायची आणि सणालाच काढायची.

आकडा एकशे साठ होता. जाऊन-येऊन एकशे वीस किलोमीटर, म्हणजे निवांत. पण ऊन रणरणत होतं, एसी पूर्ण सोडलेला, खोपोलीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली. वीस किलोमीटर होईतो आकड्यातले चाळीस गेले. खोपोलीचा शिळफाटा मागे पडून घाटाचा चढ लागला तसा तो डोळ्यांदेखत गळायला लागला. एकशे बारा, एकशे पाच, अठ्ठ्याण्णव. आणि जाऊन-येऊन वाट अजून जवळजवळ तेवढीच बाकी. मला भीती वाटली की मी चिडते.

एसी बंद केला. आई मागे पदरानं वारा घेत बसली. मग मी म्हटलं, “बाबा, हे पोतं खाली कुणाच्या तरी दुकानात ठेवू या. ओझं कमी होईल.”

“माहेरचा तांदूळ वाटेत टाकून बहिणीकडं मोकळ्या हातानं जाऊ?”

“मग नाय पोचत आपण. घाटात बंद पडली तर ढकलायला तुमी उतरणार का?”

असं बोलले मी, माझ्या बापाला. खाली खोपोलीत चार्जिंगची सोय होती. येताना तिथं रांगेत दोन गाड्या दिसल्या होत्या, फार तर दीड तास गेला असता. माझ्यात तेवढा दम नव्हता. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंतही न पोचता, जागा मिळाली तिथून मी गाडी माघारी फिरवली.

बाबांनी फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. “आक्का, गाडीत जीव नाय राहिला. पुढच्या रविवारी येतो.”

“गाडीचं काय घेऊन बसलास रं,” आत्या तिकडून म्हणाली, “माझ्यात तरी कुठं हाय?”

आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

बुधवारी ती गेली.

निरोप आला तसे निघालो. बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती, आकडा रविवारच्याच आसपास असेल. निघताना बघायचं भान कुणाला होतं? शेजारी बाबा रडत होते, म्हणून मी हळू चालवत होते. चढावर आकडा रविवारसारखाच गळला. माथ्यावर सपाटी लागली आणि त्याचं गळणं थांबलं. आम्ही बिनघोर पोचलो. आत्याला तोवर अंगणात आणून ठेवलं होतं.

संध्याकाळी घाट उतरताना पेडलवरचा पाय काढला की बॅटरी आपोआप भरत होती आणि आकडा वर चढत होता. तेव्हा मला सगळं उमगलं. रविवारी गाडीनं त्या चढावरूनच पुढच्या सगळ्या वाटेचा अंदाज बांधला होता. आदल्या दिवशी मी एक्स्प्रेस-वेनं सुसाट पनवेलला जाऊन आले होते, तेही तिनं धरलं होतं. वर सपाटी आहे, परतताना उतार आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. जन्म गेला माझा या घाटाच्या पायथ्याशी. आणि ते पोतं तर माझ्या शाळकरी भाच्याएवढंही जड नव्हतं.

बाबाही पडद्याकडे बघत होते. “वाढला की गं,” ते म्हणाले. मग एक-दोन वळणं गेल्यावर, “त्या दिवशीबी असाच वाढला असता का?”

“नाय बाबा,” मी म्हटलं. “त्या दिवशी ऊन लई होतं. नसता वाढला.”

“मग बरं केलंस, फिरवलीस ती.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खोपोली येईपर्यंत काढला नाही. खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.