कोंडलेल्या मक्याला ऊन

बोरीच्या तानुबाईला कुणी ओल्या दाण्याचं पोतं दाखवलं तर तिच्या अंगावर काटा यायचा. धान्य म्हणजे कसं, वाळलेलं, दाताखाली कट्ट वाजणारं. चैत्रात गच्चीवर पसरायचं, ऊन दाखवायचं, लिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं. तिच्या घरच्या ज्वारीला कधी किडा लागला नाही, आणि हे समोरच्याला दहादा ऐकवल्याशिवाय ती सोडतही नसे. भाजी काय करायची ते सून ठरवी, बैल कधी विकायचा ते मुलगा. पण दाण्यापाशी तानुबाईचाच शब्द चाले. म्हातारपणी तेवढंच तिच्या हातात उरलं होतं.

अन् सुनेनं, सुकेशनीनं, नेमका तिथंच हात घातला. घरामागच्या शेडात तिनं डुकरं पाळली होती. नुकतंच दूध तोडलेल्या पिलांना कोरडा भरडा सोसत नाही, पोटं बिघडतात, म्हणून तिनं मका ओलसर असतानाच काढला, भरडला आणि प्लास्टिकच्या ड्रमांत पायानं तुडवून गच्च भरला. वर झाकण, झाकणाला लोखंडी पट्टी. आत तो आंबणार, मऊ होणार, आणि हवा लागली नाही तर टिकणार. हे सगळं तिनं सासूला नीट समजावलं होतं. सासूनं ऐकलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं.

सुकेशनी माहेरी पिंगळीला गेली अन् सासूबाईंना राहवेना. त्यांनी एक ड्रम उघडला. आंबूस वास नाकात शिरला. "नासायलाय की ह्ये," म्हणत तानुबाईनं घमेल्या-घमेल्यानं सगळा मका ताडपत्रीवर ओतला, दिवसभर ऊन दाखवलं, सांजच्याला परत भरून झाकण लावलं. कंबर मोडली, पण जीव भांड्यात पडला. सुनेचं नुकसान वाचवलं असंच तिला मनापासून वाटत होतं.

पुढं पिलं आईपासून तोडली त्या दिवशी सुकेशनीनं नेमका तोच ड्रम उघडला. आत मका गरम, हिरवट बुरशीच्या गाठी धरलेल्या. हे पोटात गेलं असतं तर कोवळी पिलं आडवी झाली असती. ती नवऱ्यावर, नागेशवर, उखडली. "पट्टी नीट लावा म्हनलं व्हतं ना तुमाला?" नागेश मान खाली घालून उभा. शेडात पिलं भुकेनं किंचाळत होती.

तानुबाई दारातच होती. गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं.

"त्याला बोलू नको," ती म्हणाली. "मीच मक्याला ऊन दाखवलं."

सुकेशनी हळूच म्हणाली, "मला एक शब्द इचारायचा की, आत्या."

सून भांडली असती तर तानुबाई चार शब्द जास्तच बोलली असती. पण दाण्याबद्दल आपण कुणाला विचारावं, हे तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं.

दुसरा ड्रम चांगला निघाला. पिलांनी आधी नुसतं हुंगलं, मग तुटून पडली. नासलेला मका मातीत पुरून टाकावा लागणार होता. सांडलेला एकेक दाणा वेचून घेणारी तानुबाई, पण तिनं कुदळ कुणाच्या हाती दिली नाही. खड्डा तिनंच खांदला, मका तिनंच आत लोटला, आणि वर माती ओढताना तिला रडू आवरलं नाही.

हातपाय धुऊन ती शेडापाशी आली. सुकेशनी उरलेल्या ड्रमांच्या पट्ट्या चाचपत होती. तानुबाईनं पदराला हात पुसले.

"सुकेशनी," ती म्हणाली, "म्होरला ड्रम कवा उघडायचा, त्ये सांग मला."