कोयते आणि बागेचं कुलूप

ट्रॉल्यांमधून उतरलेली माणसं थेट बागेच्या फाटकाकडे निघाली. प्रत्येकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. फाटकाला आमचं कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. समोरच्या ग्रामपंचायतीच्या खिडकीतून मी ते बघत होते.

शिरूर कासारकडचं हे गाव. निजामाच्या काळातली बाग, मधोमध दगडी हौद. तिचा मॅनेजमेंट प्लॅन करणं हे माझं काम. म्हणजे जुनी जागा पुढे कशी राखायची, काय बंद, काय उघडं, हे कागदावर ठरवायचं. त्यासाठी पब्लिक हिअरिंग घ्यावंच लागतं, म्हणजे गावाला विचारायचं. आमच्या ऑफिसच्या सरांनी पहिलं हिअरिंग हिवाळ्यात उरकलं. तेव्हा निम्मं गाव ऊस तोडायला गेलेलं. मी म्हटलंही, पण सर म्हणाले, "विरोध नाही ना? मग उत्तम." लगेच फाटक बसलं. आजचं हिअरिंग शेवटचं.

मी सरांना फोन लावला. "पोलिसांना कळव आणि आत बस. कुलूप काढू नकोस."

सरपंच शेजारी घाम पुसत उभे होते. "मॅडम, बाहेर जाऊ नका. डोकं फिरलं असंल त्यांचं."

तेवढ्यात फाटकावर कोयता आपटल्याचा आवाज आला. मी पोलिसांचा नंबर काढला. पण पोलीस आले की हातात कोयता असलेल्याला आधी धरणार, मग विचारणार. तुरुंगात कुणाची आई जाईल, कुणाचा बाप. त्या विचाराने जास्त भीती वाटली आणि मी बाहेर पडले.

सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती. तिच्या कोयत्यावर उसाचा रस वाळून काळा झाला होता.

"कुलूप कावून घातलंय, बाई?"

"मावशी, आत काय करायचंय?"

"कोयते धुवायचे हायत. कारखान्याचा पट्टा पडला, औंदाचं गाळप संपलं, आमी गावाकडं आलो. हौदात धुतल्याबिगर कोयता घरात नेत न्हाई आमी."

मी मागोमाग आलेल्या सरपंचांकडे वळले. "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत हाय की. म्हणून तर भ्यालो, कुलूप लावू दिलं ना मी."

त्यांच्यावर चिडायचं सोडून मी पर्समधून किल्ली काढली. ती कुलपात जाईना, दोनदा निसटली. म्हातारीने कोयता बगलेत धरला आणि कुलूप घट्ट धरून दिलं.

"भिऊ नको. आमी बी लई भ्यालतो. बागच इकली वाटलं."

कोयते धुऊन, हळदीकुंकू लावून माणसं हिअरिंगला आली. धुतलेले कोयते मांडीवर घेऊन बसली आणि तासभर बोलली. मी सगळं लिहून घेतलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "विरोध झाला का?"

"हो सर. लई."

प्लॅनमधून फाटक गेलं. तेव्हापासून मी हिअरिंगची तारीख कॅलेंडर बघून ठरवत नाही. आधी पट्टा कधी पडतो ते विचारते.