बीडिंगखालचा हिरवा ठिपका

गाडीला नुसती टिचकी मारून पत्रा मूळचा आहे की लिंपलेला, हे मिस्त्री सांगत. तीस वर्षं डेंटिंगच्या गॅरेजात काढलेला माणूस तो. त्यातली निम्मी वर्षं आपणच पत्रे लिंपत होतो, हे मात्र ते स्वतःची टिमकी वाजवताना सोयीस्कर विसरत.

त्यांच्या ताईला गाडी घ्यायची होती, मग बरोबर दुसरं कोण जाणार? भाऊजींचे पाय दोन वर्षांपूर्वी लुळे पडले. दर आठवड्याला दवाखाना. टॅक्सीत व्हीलचेअर मावत नाही म्हणून ती टपावर बांधायची आणि भाऊजींना पोत्यासारखं उचलून आत कोंबायचं. ते त्या वेळी कुणाच्याही नजरेला नजर देत नसत. म्हणून ताई साठीला टेकलेली असताना गाडी चालवायला शिकली. हवी होती एक मोठी, सात जणांची एसयूव्ही. नवी परवडण्याचा प्रश्नच नव्हता. "माझा भाऊ हो म्हणाला की मी डोळे मिटून घेणार," असं तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं.

जुन्या गाड्यांच्या आवारात एक राखाडी एसयूव्ही उभी होती. मिस्त्रींनी इंजिन ऐकलं, मान डोलावली. विक्रेत्याने मागची सीट काढली, फळी लावली आणि भाऊजी खुर्चीसकट आत गेले.

"अगं, इथे तर मी संसार थाटेन!" ते आतून ओरडले. ताई स्टिअरिंग धरून हसत होती. दोन वर्षांत ही दोघं अशी हसली नव्हती.

मिस्त्री मागे गेले. चाकावरच्या पत्र्याला त्यांनी सवयीने टिचकी मारली. आवाज भरीव आला, आत लिंपलेल्या पुट्टीचा. त्यांनी मागच्या दाराचं रबरी बीडिंग नखाने उचललं आणि हात तिथेच थांबला. खाली मोहरीएवढा हिरवा ठिपका होता.

तो त्यांचाच होता. काम मनासारखं जमलं की कुणाला दिसणार नाही अशा जागी ते हिरव्या रंगाचा ठिपका देत, चित्रकार सही करतो तसा. नऊ वर्षांपूर्वी ही गाडी उलटून आली होती, चेसिस, म्हणजे खालचा सांगाडाच, पिळवटलेली. भंगारात घाला, असं ते म्हणाले होते. गाडीचा मालक म्हणाला, विकण्यापुरती उभी करून द्या. मग चेसिस कापून जोडली, वर पत्रा लिंपला. "देवालाही कळायचं नाही," मिस्त्री म्हणाले होते, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

"ताई, हा रंग फार तापतो गं."

"रंगाचं काय घेऊन बसलास?"

"दुसरी एखादी बघू या की."

"का? इंजिन छान आहे म्हणालास ना आत्ता?"

मिस्त्रींनी बीडिंग अंगठ्याने परत दाबून बसवलं. नऊ वर्षं जोड टिकला, आणखी पाच टिकेल, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्या विचाराचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"उतर ताई. भाऊजींना खाली घेऊ. ही गाडी उलटलेली आहे. चेसिस कापून जोडलीय. कधी जोरात ब्रेक लागला, तर काय होईल सांगता येत नाही."

विक्रेता उसळला. "काहीतरीच काय बोलता? पुरावा काय?"

मिस्त्रींनी बीडिंग वर धरलं. "हा ठिपका माझा आहे. मीच जोडलीय."

"मग काम पक्कंच असणार की!" विक्रेता हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

ताई उतरली. चष्मा पुसून तिने तो ठिपका नीट पाहिला. मिस्त्रींना वाटलं, ती आता दोन शब्द सुनावेल, म्हणजे आपल्याला मोकळं वाटेल. ती ओरडली नाही.

"तेव्हा कुणी घेतली रे ही?"

"माहीत नाही."

"त्यांच्याबरोबर कुणाचा भाऊ आला नसेल," ताई म्हणाली.

भाऊजींना फळीवरून खाली उतरवलं. टॅक्सी आली. मिस्त्रींनी खुर्ची टपावर बांधली आणि भाऊजींना उचलायला वाकले. भाऊजींनी त्यांच्या गळ्यात हात टाकला. या वेळी नजर मिस्त्रींनी चुकवली.