शेवटच्या तासाला बसणारा आवाज

छातीचा एक्स-रे मी दोनदा पाहिला. फुफ्फुसं स्वच्छ होती. हार्टचा रिपोर्टही नॉर्मल. आणि समोर ऑक्सिजन लावूनही बालाजी सर श्वासासाठी धडपडत होते. अहमदपूरच्या शाळेत गणिताचे शिक्षक. मी लातूरच्या एका आयसीयूमध्ये फिजिशियन.

खोकला-तापासाठी गावातल्या डॉक्टरांनी लिहिलेलं अँटिबायोटिक त्यांना चार दिवस चालू होतं. ताप उतरला, दम वाढला.

"न्यूमोनियाच असणार मॅडम," ज्युनिअर डॉक्टर म्हणाला.

"सर, मोठा श्वास घ्या. त्याच श्वासात मोजत राहा," मी म्हटलं. निरोगी माणूस एका श्वासात सहज तीस-चाळीसपर्यंत मोजतो. सर नऊवर थांबले. आवाज नाकातून येत होता. डावी पापणी अर्धी मिटलेली.

बाहेर त्यांच्या पत्नी सुनंदाताई बसल्या होत्या. "आवाज असा कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. सकाळी चांगलं बोलतात बघा. शेवटच्या तासाला पोरांना कळतच न्हाई. हात बी फळ्यावर टिकंना. परवापासून पाणी नाकातून यायलंय. आम्ही म्हणलं, ओरडून घसा बसला असंल."

सकाळी ठीक, स्नायू वापरले की थकवा. मला शंका आली. "सिस्टर, कँटीनमधून बर्फ आणा."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, पण आणला. हातमोज्यात भरून डाव्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला, तर पापणी वर! सिस्टर वाकून बघतच राहिल्या.

मायस्थेनिया ग्रेव्हिस. या आजारात शरीरातल्याच अँटिबॉडीज नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत. गारव्यात तो थोडा बरा पोचतो. सरांची फुफ्फुसं धड होती. ती हलवणारे स्नायू थकले होते. त्यात चालू असलेलं अँटिबायोटिक हा आजार वाढवणाऱ्या औषधांपैकी. ते बंद केलं.

रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत होता. व्हेंटिलेटर लावावाच लागणार होता.

सुनंदाताईंनी माझा हात धरला. "मशीनवरून माणूस माघारी येतो का मॅडम?"

"स्नायूंना आराम द्यायचाय. यायला हवेत," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बदलून त्या अँटिबॉडीज काढल्या. दरम्यान रक्ताच्या तपासणीनंही निदान पक्कं केलं. नवव्या दिवशी व्हेंटिलेटरची नळी निघाली. आता सर गोळ्या घेतात आणि फक्त सकाळचे तास घेतात.

ते अँटिबायोटिक कदाचित मीही लिहिलं असतं. हल्ली दम लागलेल्या पेशंटच्या घरच्यांना मी एक प्रश्न जास्त विचारते: सकाळी कसे असतात, संध्याकाळी कसे? बहुतेक वेळा उत्तरातून काहीच निघत नाही. तरी विचारते.