आखूड कानांचं जनुक

अर्गिरो स्पानुदाकीच्या डॉक्टरेटचं सहावं वर्ष चालू होतं आणि विद्यापीठाच्या नियमात सहाच वर्षं बसत होती. सप्टेंबरपर्यंत प्रबंध दिला नाही, तर पटावरून नाव जाणार होतं. चौथ्या वर्षापर्यंत नातेवाईक "कधी संपतंय?" असं विचारत. पाचव्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. सहाव्या वर्षी तो विषय नुसता निघाला, तरी कुणीतरी घाईघाईने चीजची बशी पुढे करी. क्रीट बेटावरच्या इराक्लिओ शहरात औषधांचं दुकान चालवणारे तिचे वडील तेवढे बोलायचे. "मेंढीसुद्धा पाच महिन्यांत मोकळी होते," ते म्हणायचे, आणि पुन्हा गोळ्या मोजू लागायचे.

विषय मेंढ्यांचाच होता. प्सिलोरितिस डोंगराच्या उत्तर अंगाला मनूसोसचा कळप, दक्षिण अंगाला हारिदिमोसचा. दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच, आणि मधे सात-आठ महिने बर्फ घेऊन बसलेला डोंगर. तिचे मार्गदर्शक लागोनिकोस सर मूळचे अथेन्सचे. त्यांचं गृहीत असं की, इतकी वर्षं डोंगराने दूर ठेवलेले कळप रक्तानेही वेगळे पडले असणार. खात्री करायला ते एकदा स्वतः दोन्ही मेंढपाळांकडे जाऊन आले होते. "तुमच्या मेंढ्या पलीकडे जातात का?" असं त्यांनी विचारलं. "आपणहून? कधीच नाही," असं दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं. सर समाधानाने परतले. त्यांनी 'कधीच नाही' एवढंच टिपून घेतलं होतं.

अर्गिरो कामाला चिवट. पहिल्या वर्षी ती मेंढ्यांना घाबरायची. तिसऱ्या वर्षापर्यंत ती मेंढी गुडघ्यात धरून, कानाचा कण कापून नळीत टाकून, मेंढीला कळायच्या आत सोडून देऊ लागली. प्रयोगशाळेत त्या कणांमधून रक्ताची नाती काढली की पडद्यावर प्रत्येक मेंढीचा एक ठिपका उमटे. उत्तरेच्या मेंढ्या निळ्या, दक्षिणेच्या हिरव्या. सरांच्या हिशेबाने डावीकडे निळा ढीग आणि उजवीकडे हिरवा ढीग पडायला हवा होता. प्रत्यक्षात पडली भेळ.

"तू नळ्यांची अदलाबदल केलीस," सर म्हणाले.

तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा भेळच. तिसऱ्यांदा सर स्वतः शेजारी उभे राहिले, आणि भेळ आणखी बारीक झाली. उत्तरेच्या कोकराची आई दक्षिणेला, दक्षिणेच्या मेंढीचा बाप उत्तरेला, आणि बहिणी डोंगराच्या दोन बाजूंना सासरी दिल्यासारख्या.

त्यातच एक नवीन गोष्ट निघाली. बऱ्याच मेंढ्यांचे कान आखूड होते. अर्गिरोने ते निमूटपणे मोजले, फोटो काढले. सरांना वाटलं, ठिपक्यांनी घेतलं ते कानांनी परत दिलं. "हे नवीन जनुक आहे! क्रीटचं आखूड कानाचं जनुक!" ते म्हणाले. अख्खं पाचवं वर्ष तिने त्या जनुकाच्या शोधात घालवलं. ते सापडलं नाही. गंमत अशी की, आखूड कानांच्या मेंढ्यांची कोकरं चांगली लांब कानांची निपजत. सर म्हणाले, "लपून बसलेलं जनुक आहे."

शेवटी कंटाळून ती मनूसोसच्या गावी गेली. दुपारची वेळ होती. गावच्या कॉफीच्या दुकानात, काफेनिओत, पत्ते चालले होते आणि मनूसोस जिंकत होता. म्हणजे विचारायला दिवस बरा होता.

"मनूसोसकाका, पलीकडच्या हारिदिमोसकडून तुम्ही कधी एडका विकत घेतला होता का?"

पत्ते थांबले. मालकाने रेडिओचा आवाज कमी केला.

"त्याच्याकडून?" मनूसोस म्हणाला. "पोरी, त्याच्याकडून मी पाण्याचा ग्लाससुद्धा घेणार नाही."

"मग तुमच्या कळपात त्याच्या एडक्याच्या मुली कशा?"

कोपऱ्यातला एक जण खोकत बाहेर गेला. मनूसोसने पत्ते उलटे ठेवले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कानांनी."

"कान तर आम्ही नीट..." एवढं बोलून त्याने उरलेलं वाक्य राकी दारूच्या घोटाबरोबर गिळलं.

अर्गिरोला अचानक सगळे कान डोळ्यासमोर दिसले. क्रीटमधल्या प्रत्येक घराण्याची कानावरची खूण ठरलेली असते: कुणाची खाच, कुणाचा त्रिकोण, कुणाचं भोक. दुसऱ्याची खूण पुसायची तर ती असलेला कानाचा तुकडाच उडवायचा आणि उरलेल्यावर आपली खूण मारायची. इराक्लिओतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट तिला सहा वर्षांत सुचली नव्हती, कारण ती कानाकडे शास्त्रज्ञ म्हणून बघत होती. जे जनुक ती वर्षभर शोधत होती, ते मनूसोसच्या कमरेला म्यानात लटकत होतं.

"तुझं यंत्र कुणाची मेंढी कुणाकडे आहे ते सांगतं?" मनूसोसने खुर्ची जवळ ओढली. "मग त्याच्याकडे माझ्या किती आहेत?"

"ते मी सांगू शकत नाही. कळपांची नावंसुद्धा मी लिहीत नाही, अक्षरं लिहिते."

"बरं, अंदाजे."

"अंदाजे... जेवढ्या त्याच्या तुमच्याकडे आहेत, तेवढ्याच."

"तेवढ्याच?" मनूसोसचा चेहरा पडला. "म्हणजे एवढी वर्षं आम्ही फुकट चाललो?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या मेंढ्यांच्या वाडग्याला कुलूप लागलं. बातमी डोंगर ओलांडून गेली, आपणहून, आणि हारिदिमोसनेही कुलूप लावलं. अर्गिरोला या वसंतातल्या कोकरांचे कान हवे होते. त्यांच्याशिवाय शेवटचं प्रकरण होत नव्हतं, आणि शेवटच्या प्रकरणाशिवाय सप्टेंबर. सर म्हणाले, "परवानगीचं पत्र पाठवू." पत्राने हारिदिमोसने चूल पेटवल्याचं नंतर कळलं.

वाट काढली ती मनूसोसच्या बायकोने, कालिओपीने. कुलूपबंद वाडग्यासमोर उभ्या असलेल्या अर्गिरोला तिने घरात ओढलं, पुढ्यात पाक्सिमादीचे कडक टोस्ट आणि चीज ठेवलं आणि म्हणाली, "परक्या माणसाला हे लोक रक्त दाखवत नाहीत, बाळा. तू घरची हो. माझ्या नातीचा बाप्तिस्मा व्हायचाय. तू धर्ममाता हो तिची. मग तू आमची सिंतेक्निसा, धर्माची सोयरी. तुझ्या तोंडावर दार लावायची मनूसोसची छाती होणार नाही."

"पण मला हारिदिमोसचीही कोकरं हवीत."

"त्यालाही नातू झालाय. त्याच्याही नातवाची धर्ममाता हो."

"काकी, त्यांचं भांडण आहे ना?"

"म्हणून तर सांगते. एकाच माणसाचे दोघं सोयरे, सिंतेक्नोस, झाले की एकमेकांच्या वाडग्याला हात लावता येत नाही. अंगाशी येतं ते. माझा नवरा गेल्या वर्षी स्वतःचीच मेंढी तिकडून परत चोरून आणताना गुडघा फोडून घेऊन आला. मी किती शेकायचा तो गुडघा?"

दोन्ही बाप्तिस्मे एकाच रविवारी ठरले. चर्चमध्ये डावीकडे मनूसोसचं घराणं, उजवीकडे हारिदिमोसचं, दोन्हींकडे काळे शर्ट आणि मिशा. जो नकाशा सरांना पडद्यावर हवा होता, तो इथे आयता उभा होता. मधे अर्गिरो. बाप्तिस्म्याचं तेल चोपडलेलं बाळ हातातून निसटतं, पण ती कोकरं धरून तयार झाली होती. तिने दोन्ही बाळांना बरोबर बगलेत धरलं.

पाद्री मात्र अडखळले. "एक आठवण करून देतो. धर्ममाता एकच, म्हणजे ही दोन लेकरं आता भाऊबहीण. मुलगा आणि मुलगी आहेत. उद्या मोठी झाली की यांचं एकमेकांशी लग्न होऊ शकणार नाही. मंजूर आहे?"

"मंजूर!" दोन्ही आजोबा एका आवाजात ओरडले. त्यांच्या आयुष्यात एकमत झालेली ही पहिली गोष्ट असावी. हारिदिमोसने तर छातीवर क्रुसाची खूण करून देवाचे आभार मानले. बाहेर आनंदाच्या बंदुका वाजल्या, भाताची पातेली उघडली, आणि तिसऱ्या ग्लासनंतर मनूसोस हारिदिमोसला म्हणाला, "तुझ्या त्या काळ्या एडक्याची पैदास चांगली आहे रे."

"माहितेय," हारिदिमोस म्हणाला. "बघायला मिळाली असती तर आणखी आवडली असती."

दोन्ही कुलपं निघाली. कोकरं धरायला आजोबा स्वतः आले, आणि अर्गिरोने आखूड कानांचं प्रकरण प्रबंधातून उडवून उरलेलं सप्टेंबरच्या आधी दिलं.

तोंडी परीक्षेला दोघेही शेवटच्या बाकावर येऊन बसले, धुतलेले बूट घालून. थेसालोनिकीहून आलेल्या परीक्षक बाईंनी भेळेवर बोट ठेवलं. "एवढा डोंगर मधे असताना ही जनुकं पलीकडे गेली कशी?"

अर्गिरोने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोन्ही सिंतेक्नोस छताचं निरीक्षण करताना दिसले असते. खोटं बोललं तर प्रबंध खोटा, खरं बोललं तर दोन घरं उघडी.

"माणसांनी नेली," ती म्हणाली.

"व्यापार?"

"नाही. व्यापारात दोघांना माहीत असतं."

बाईंनी चष्मा काढला, शेवटच्या बाकाकडे पाहिलं, मग पुन्हा लावला. त्यांचं आजोळ क्रीटचं होतं, हे नंतर कळलं. "आणि पुढे काय होईल?"

"आता नेणं थांबलंय. माझ्यामुळे. यापुढे दोन्ही कळप वेगळे पडत जातील."

लागोनिकोस सरांनी मान डोलावली. आपण म्हणत होतो तेच झालं, फक्त थोडं उशिरा, असा त्यांचा चेहरा होता.

अर्गिरो डॉक्टर झाली. व्हरांड्यात मनूसोसने कोटाच्या खिशातून राकीची बाटली काढली आणि सर खुशीत येऊन म्हणाले, "पुढच्या प्रकल्पात आम्ही पूर्वेकडच्या गावाचे कळप घेणार आहोत! डॉक्टर अर्गिरोच करेल."

पूर्वेकडच्या गावात अर्गिरो अजून कुणाची सिंतेक्निसा नव्हती. मनूसोस आणि हारिदिमोसने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या नजरेत इतकी माया अर्गिरोने कधीच पाहिली नव्हती.

"घाई नको, सर," हारिदिमोस म्हणाला. "दोन वर्षं जाऊ द्या."

"का?"

"पोरगी दमलीय," मनूसोस म्हणाला आणि सरांचा ग्लास भरला.